फुकटच्या वायफायचे बिल कोण भरते?

गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांची मोफत वायफाय सेवा जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर सुरू झाली. पुढच्या अडीच वर्षांत, जून २०१८ पर्यंत, आसामातल्या दिब्रुगडसह चारशे स्थानके जोडून झाली. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने ओझी वाहताना कानात इअरफोन घालून याच वायफायवर अभ्यास केला आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केली, ही बातमी त्या वर्षी देशभर गाजली. फेब्रुवारी २०२० मध्ये मात्र गूगलने ‘गूगल स्टेशन’ हा उपक्रम जगभरातून आवरता घेत असल्याचे जाहीर केले. मोबाइल डेटा स्वस्त झाला आहे आणि देशोदेशीचे वेगवेगळे भागीदार, वेगवेगळ्या यंत्रणा सांभाळत हा पसारा टिकवणे अवघड जाते, अशी कारणे कंपनीने दिली. फेसबुकने एअरटेलच्या साथीने २०१७ मध्ये भारतात आणलेली ‘एक्स्प्रेस वायफाय’ ही दुकानांमार्फत स्वस्त इंटरनेट विकणारी सेवाही २०२२ मध्ये गुंडाळली गेली.

जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी दोघींना जे जमले नाही, ते चहाच्या टपरीवाल्याने आणि किराणा दुकानदाराने करावे, अशी भारत सरकारची योजना आहे. ती का आखली गेली, कुठे अडली आणि तिच्याभोवतीचा वाद आज कुठे उभा आहे, हे पाहायचे तर आधी हा धंदा कसा चालतो ते समजून घ्यावे लागते.

खर्च कुठे होतो

वायफायचा पाया म्हणजे विनापरवाना लहरी. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये काही लहरपट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यावर १९९७ मध्ये तांत्रिक मानक ठरले आणि १९९९ पासून ‘वायफाय’ हे नाव बाजारात आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये खुला झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग उघड्यावरच्या वापरासाठी २०१८ मध्ये. मोबाइल कंपन्या लिलावात हजारो कोटी मोजून लहरी घेतात, तर वायफायवाल्याला त्या फुकट मिळतात. या वादातली बरीचशी कटुता या एका फरकातून आली आहे.

लहरी फुकट असल्या तरी बाकी काहीच फुकट नसते. छताला किंवा खांबाला लावलेला, वायफायच्या लहरी सोडणारा ॲक्सेस पॉइंट काही हजारांत येतो आणि तो खर्च एकदाच होतो. महिन्याच्या महिन्याला खिशाला चाट बसते ती त्याच्या पाठीमागच्या, इंटरनेट आणणाऱ्या लाइनमुळे. त्याशिवाय वीज, जागेचे भाडे, महापालिकेच्या खांबाची परवानगी आणि पावसाळ्यात बंद पडलेले यंत्र सुरू करायला पाठवायचा माणूस हे खर्च असतातच. वापरणाऱ्याच्या फोनवर आधी एक पान उघडते, तिथे मोबाइल क्रमांक टाकला की ओटीपी येतो. मागे बसलेला सर्व्हर ओळख तपासतो, किती वेळ आणि किती डेटा द्यायचा ते ठरवतो आणि नोंद ठेवतो. हे पान, हा सर्व्हर आणि ओटीपीचे एसएमएस यांचेही पैसे पडतात.

हे बिल भरू शकणारे फार थोडे आहेत. वापरणारा स्वतः कूपन किंवा रिचार्ज घेऊन भरू शकतो. गिऱ्हाईक जास्त वेळ बसावे म्हणून कॅफे, हॉटेल, मॉल, विमानतळ भरतात. लोकांचे लक्ष किंवा माहिती हवी असलेला जाहिरातदार भरतो. आपल्या टॉवरवरचा भार कमी करायचा असलेली मोबाइल कंपनी भरते. नाहीतर सरकार भरते. गेल्या पंचवीस वर्षांतला या धंद्याचा इतिहास म्हणजे हे बिल एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेल्याची कहाणी आहे, आणि त्यात वापरणाऱ्याने स्वतःहून, सातत्याने पैसे मोजल्याची उदाहरणे विरळा.

अमेरिकेतले धडे

पहिला मोठा प्रयोग कॉफीच्या दुकानांत झाला. २००१ मध्ये मोबाइलस्टार नावाच्या कंपनीने स्टारबक्सच्या दुकानांत पैसे घेऊन वायफाय द्यायला सुरुवात केली. वर्ष संपायच्या आत तिची वाताहत झाली आणि तिचे जाळे पुढे टी-मोबाइल झालेल्या कंपनीने उचलले. आयबीएम, इंटेल आणि एटी अँड टी या तिघांच्या पाठबळावर २००२ च्या अखेरीस निघालेल्या कोमेटा नेटवर्क्सने वीस हजार हॉटस्पॉटची घोषणा केली होती. तीही २००४ मध्ये बंद पडली. २००१ मध्येच निघालेली बोइंगो मात्र टिकली. वेगवेगळ्या मालकांचे हॉटस्पॉट एका वर्गणीखाली आणायचे ही तिची मूळ कल्पना होती, पण हळूहळू ती विमानतळ आणि लष्करी तळांवर वायफाय चालवणारी आणि मोबाइल कंपन्यांना इमारतीच्या आतले जाळे भाड्याने देणारी कंपनी बनली. प्रवाशाच्या क्रेडिट कार्डावरून तिचा हात मोबाइल कंपनीच्या तिजोरीकडे गेला, असे म्हणता येईल. २०२१ मध्ये ती सुमारे ८५ कोटी डॉलरला विकली गेली.

स्टारबक्सने १ जुलै २०१० पासून अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत वायफाय सरसकट मोफत केले. कॉफीच्या किमतीत ते बसते, हा हिशेब तेव्हा पक्का झाला आणि शेजारच्या दुकानात वायफाय विकून पोट भरणाऱ्यांचा बाजार तिथेच आटला.

शहरांचे अनुभव जास्त खर्चिक ठरले. फिलाडेल्फियाने २००४ मध्ये संपूर्ण शहर वायफायखाली आणण्याचा संकल्प सोडला. ते काम घेतलेली अर्थलिंक २००८ मध्ये बाहेर पडली. सॅन फ्रान्सिस्कोतली गूगल-अर्थलिंकची योजना तर उभीच राहिली नाही. न्यूयॉर्कने वेगळी वाट धरली. २०१६ पासून जुने सार्वजनिक फोन काढून त्या जागी ‘लिंकएनवायसी’चे खांब उभे राहिले. वायफाय मोफत, बाजूला मोठे पडदे आणि त्यांवरच्या जाहिरातींतून सगळा खर्च निघणार, शिवाय शहराला वाटाही मिळणार, असा करार होता. पडद्यांचे उत्पन्न अपेक्षेला उतरले नाही, खांब ठरल्या वेळी लागले नाहीत, शहराची देणी थकली आणि करार नव्याने करावा लागला. खांबांतल्या टॅब्लेटवरून इंटरनेट पाहण्याची सोय तर काही महिन्यांतच काढून टाकावी लागली, कारण लोक तिथे तासन्‌तास ठाण मांडून बसू लागले. फुकट सेवा कमी वापराने बुडते, तशी जास्त वापरानेही बुडू शकते.

फलाट आणि चौक

भारतात या धंद्याच्या सुरुवातीलाच एक फौजदारी प्रकरण आहे, आणि ते नवी मुंबईतले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी जबाबदारी घेणारा ई-मेल प्रसारमाध्यमांना पोहोचला. माग काढता काढता पोलीस सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी आले. त्याच्या वायफायला पासवर्ड नव्हता आणि कोणीतरी बाहेरून ते वापरले होते. पुढच्या मेलसाठी माटुंग्यातले एक महाविद्यालय आणि चेंबूरमधली एक कंपनी यांची जोडणी अशीच वापरली गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख एकतर छायाचित्र असलेल्या ओळखपत्राने किंवा मोबाइलवर पाठवलेल्या संकेतांकाने पटवावी, असे त्यात होते. आज कुठल्याही कॅफेत वायफायला जोडताना ओटीपी मागितला जातो, त्याचे मूळ इथे आहे.

रेल्वे स्थानकांची कल्पना चांगली होती, कारण रेलटेलकडे रुळांच्या कडेने टाकलेली फायबर आधीच होती. सर्वांत महाग गोष्ट, म्हणजे पाठीमागची लाइन, घरचीच होती. २०१४ मध्ये देशात एक जीबी मोबाइल डेटामागे सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. अशा काळात फलाटावर फुकट मिळणाऱ्या वेगवान इंटरनेटचे अप्रूप वाटणे साहजिक होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, आकडेवारीप्रमाणे २०१८ पर्यंत हाच दर १२ रुपयांच्या आत आला. खिशातच दिवसाला दीड जीबी असताना ओटीपीची वाट पाहत फलाटावर कोण उभे राहणार? सोबतच्या माणसाच्या फोनवरून हॉटस्पॉट घेणे त्याहून सोपे.

गूगल गेल्यावर रेलटेलने सेवा स्वतःच्या बळावर चालू ठेवली आणि मे २०२१ पर्यंत सहा हजार स्थानकांवर नेली. पहिला अर्धा तास मोफत, पुढे वेग हवा असेल तर दिवसाला दहा रुपयांपासून पॅक, अशी रचना तिने केली आणि जाहिरातींतून उत्पन्न काढण्यासाठी खासगी कंपन्यांनाही सोबत घेतले.

महाराष्ट्र सरकारने ‘आपले सरकार मुंबई वायफाय’ ९ जानेवारी २०१७ रोजी पाचशे ठिकाणी सुरू केले आणि १ मेपर्यंत बाराशे ठिकाणांचे लक्ष्य ठेवले. पुण्याच्या स्मार्ट सिटी योजनेतही उद्याने, पोलीस ठाणी, रुग्णालयांच्या परिसरात वायफाय आले. दिल्ली सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये अकरा हजार हॉटस्पॉटची योजना काढली. या सगळ्यांचे गणित एकच होते, बिल सरकारने भरायचे. अशा योजनांचे उद्घाटन झोकात होते आणि देखभालीचे कंत्राट संपताना फारसे कोणी तिकडे बघत नाही. बसवलेल्या यंत्रांची संख्या हेच यशाचे माप मानले गेले. यंत्र चालू आहे का आणि कोणी वापरते का, हे त्या मापात बसत नाही.

पीसीओची आठवण

ट्रायने २०१६ च्या जुलैत सार्वजनिक वायफायवर सल्लामसलतीचा कागद काढला, तेव्हा तिच्यापुढे एक देशी उदाहरण होते, १९८० आणि ९० च्या दशकांतले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ. घरी फोन नसलेल्या देशाला दुकानदारांनी फोन दिला, मिळकतीतला वाटा घेतला आणि सरकारला प्रत्येक गल्लीत यंत्रणा उभारावी लागली नाही. मार्च २०१७ च्या शिफारशींत ट्रायने हीच कल्पना इंटरनेटला लावली. दोन रुपयांपासून वीस रुपयांपर्यंतची छोटी कूपने विकणारे दुकानदार तिच्या डोळ्यांपुढे होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ही चौकट ‘पीएम-वाणी’ नावाने मंजूर केली.

तिच्यात कामांची फोड केलेली आहे. दुकानदार म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस, पीडीओ. त्याने कुठल्याही कंपनीकडून लाइन घ्यायची आणि राउटर लावायचा. त्याला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. अनेक दुकानदारांचा हिशेब, ओळखतपासणी आणि नोंदी सांभाळणारी कंपनी म्हणजे ॲग्रिगेटर. जवळचे हॉटस्पॉट दाखवून गिऱ्हाइकाला जोडून देणारे ॲप तिसऱ्याचे. या सर्वांची मध्यवर्ती यादी सी-डॉट ही सरकारी संस्था सांभाळते. पीसीओच्या काळात खेडोपाडी चालणारी टेलिफोन एक्स्चेंज बनवली ती हीच संस्था. एका ॲपवर एकदा ओळख पटली की कुठल्याही दुकानाचे वायफाय वापरता यावे, हा या मांडणीतला खरा नवा विचार.

राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे लक्ष्य ठेवले होते. २०२४ संपताना पीएम-वाणीखालचे हॉटस्पॉट दोन लाखांहून थोडे अधिक होते.

जिथे ही योजना चालली, तिथे ती कागदावर होती तशी चालली नाही. दिल्लीतल्या वायोमसारख्या कंपन्यांनी चौकाऐवजी घरे धरली. दाटीच्या वस्त्यांत महिन्याचे पाच-सहाशे रुपये एकदम भरणे ज्यांना जड जाते, त्यांच्या घरात पीएम-वाणीच्या चौकटीतला राउटर बसवायचा आणि थोड्या थोड्या दिवसांचे रिचार्ज घ्यायचे. फिरत्या माणसाला इंटरनेटची तहान उरलेली नाही. घरातला टीव्ही, मुलांचा अभ्यास आणि तीन-चार फोन मिळून जो डेटा लागतो, त्याची मात्र आहे, हे या कंपन्यांनी हेरले. टपरीवरच्या कूपनासाठी केलेली चौकट स्वस्त घरगुती ब्रॉडबँडसाठी वापरली गेली. योजनेचे समर्थक याला यश म्हणतात, मोबाइल कंपन्या याला पळवाट म्हणतात.

लाइन कुठल्या दराची

योजना का रखडली, याचे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये ट्रायला कळवलेले मुख्य कारण लाइनचा दर हे होते. पीडीओ हा व्यावसायिक वापर आहे, म्हणून त्याने घरगुती फायबरऐवजी इंटरनेट लीज्ड लाइन घ्यावी, असा सेवा कंपन्यांचा आग्रह असे. तेवढ्याच वेगाच्या घरगुती जोडणीपेक्षा ती कित्येक पट महाग पडते. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने मसुदा काढला की पीडीओला घरगुती दरानेच फायबर मिळावी. त्यावर दोन्ही बाजू उघडपणे भिडल्या.

मोबाइल कंपन्यांच्या सीओएआय या संघटनेचे म्हणणे थोडक्यात असे. आम्ही लहरी विकत घेतो, परवाना शुल्क भरतो, सुरक्षेच्या अटी पाळतो. घरगुती दराची लाइन घेऊन ती पुढे विकणाऱ्याला यातले काहीच लागू नसेल, तर स्पर्धा समान पातळीवरची राहत नाही. या युक्तिवादाला तांत्रिक आधारही आहे. घरगुती शंभर एमबीपीएसची जोडणी स्वस्त मिळते, कारण एका वेळी सगळी घरे पूर्ण वेगाने वापरत नाहीत हे गृहीत धरून तीच क्षमता अनेकांत वाटलेली असते. एका जोडणीवर दिवसभर शेकडो अनोळखी माणसे बसली तर ते गृहीतक मोडते.

ब्रॉडबँड इंडिया फोरम ही उद्योगसंस्था आणि ॲग्रिगेटर यांचे उत्तर असे की, लीज्ड लाइनमध्ये मिळणारी दोन्ही दिशांची सारखी गती आणि सेवेची हमी चहावाल्याला नकोच आहे. त्याच्याकडे एका वेळी मूठभर लोक असतात. शिवाय तो लाइनचे पैसे सेवा कंपनीलाच देतो, म्हणजे तो तिचे गिऱ्हाईकच आहे. स्वस्त इंटरनेटची चव लागलेला माणूस उद्या स्वतःची जोडणी घेईल, असेही ते सांगतात.

ट्रायने मधला मार्ग काढला. जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा आला आणि १६ जून २०२५ रोजी अंतिम आदेश निघाला. दोनशे एमबीपीएसपर्यंतच्या सगळ्या घरगुती फायबर योजना पीडीओलाही द्याव्या लागतील आणि त्यांचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा. लीज्ड लाइनच्या तुलनेत हा दिलासा मोठा आहे. पण तेवढ्याने धंदा उभा राहतो का, हे पाहण्यासाठी थोडे आकडे मांडावे लागतात. समजा आठशे रुपयांची योजना पीडीओला सोळाशेला पडली. पाच रुपयांच्या कूपनावर नुसती लाइन वसूल करायला महिन्याला ३२० कूपने, म्हणजे रोज दहा-अकरा खपायला हवीत. ॲग्रिगेटरचा वाटा, वीज, राउटरची किंमत आणि दुकानदाराचा नफा त्यानंतर. गर्दीच्या बसस्थानकावर किंवा जवळपास मुलांची वसतिगृहे असलेल्या गल्लीत हे जमू शकेल. तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानात ते जमणे कठीण दिसते.

नोंदी कोणाच्या हाती

सुरक्षेचा वाद दराच्या वादाइतका गाजत नाही, पण जुना आहे. सानपाड्यानंतरची व्यवस्था ‘कोण बसले होते’ याचे उत्तर मिळावे यासाठी आहे आणि पीएम-वाणीत ती जबाबदारी ॲग्रिगेटर आणि ॲपवाल्यावर येते. हजारो छोट्या दुकानांतून आलेल्या या नोंदी तपासाच्या वेळी खरोखर उपयोगी पडतील का, अशी शंका मोबाइल कंपन्या घेतात. वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांची चिंता उलट दिशेची आहे. इतक्या हातांत इतके फोन क्रमांक आणि जाण्यायेण्याच्या वेळा का साठाव्यात? न्यूयॉर्कमध्ये नागरी हक्क संघटनेने लिंकएनवायसीबाबत २०१६ मध्येच हा प्रश्न विचारला होता. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मोफत सेवेच्या बदल्यात जाहिरातीसाठी माहिती घेण्याचा रिवाज संमतीच्या अटींमध्ये कसा बसवायचा, हे ॲग्रिगेटरना आता ठरवावे लागेल.

खोट्या नावाचा हॉटस्पॉट उभा करून माहिती चोरण्याचा धोका खरा आहे. मात्र बहुतेक संकेतस्थळे आणि ॲप आता सांकेतिक जोडणी वापरत असल्याने तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीइतका सर्वव्यापी राहिलेला नाही.

पुढे अडलेले

काही गोष्टी हॉटस्पॉटच्या बाजूने सरकत आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले आणि स्वस्त डेटाचा उतार थांबला. दुसरीकडे त्याच कंपन्यांनी ५जीवर चालणारे घरगुती इंटरनेट विकायला काढले आहे. जिओची एअरफायबर २०२३ मध्ये आली आणि तिच्या जोडण्यांचा एक भाग तर विनापरवाना लहरींवरच चालतो. दाटीच्या वस्तीतले जे घर पीएम-वाणीच्या कंपन्यांनी हेरले, तेच आता मोठ्या कंपन्यांनाही हवे आहे.

लहरींचा वाटाही पुरता ठरलेला नाही. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वायफायला हवा की मोबाइलला, यावर तंत्रज्ञान कंपन्या आणि मोबाइल कंपन्या वर्षानुवर्षे भांडत आहेत. मे २०२५ च्या मसुद्यात सरकारने खालचा पाचशे मेगाहर्ट्झचा भाग परवान्याशिवाय देऊ केला, पण मुख्यतः घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी. चौकातल्या खांबाला त्याचा उपयोग मर्यादित.

सर्वांत मोठा प्रश्न मोबाइल कंपन्या कधी गिऱ्हाईक बनतील हा आहे. अमेरिकेत बोइंगोला त्यांनीच तारले. भारतातही सप्टेंबर २०२४ च्या सुधारित सूचनांनी मोबाइल कंपन्यांनी आपली वाहतूक पीडीओंच्या जाळ्यावर टाकावी यासाठी करारांची वाट मोकळी केली आहे. पण ज्या कंपन्या पीडीओला प्रतिस्पर्धी मानतात, त्यांनी त्याला पैसे द्यावेत यासाठी त्यांच्या टॉवरवर तशी कोंडी व्हावी लागेल. वायफाय कॉलिंग, म्हणजे वायफायवरून फोन करण्याची सोय, २०१९ पासून चालू आहे आणि ते ग्राहकाच्या घरच्या, ऑफिसच्या, कॅफेच्या कुठल्याही वायफायवरून होते. त्या वायफायच्या मालकाला मोबाइल कंपनी त्याबद्दल काही देत नाही.